ग्रीन कार्डवर येताय, मुलगी कॉलेजला जाणार: १ जुलै २०२६ नंतर फीचं गणित कसं बसवायचं

तुम्ही विचारलंय की भावाच्या अर्जावर ग्रीन कार्डचा व्हिसा मिळालाय, जून २०२६ मध्ये पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला येणार, मुलीची बारावी झाली आहे. तिला सरकारी मदत मिळेल का, आणि उरलेली फी पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांना मिळणाऱ्या सरकारी शैक्षणिक कर्जातून भागेल का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, नियम बदलल्यामुळे, बहुतेक नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मदतीसाठी वर्षभर थांबावं लागत नाही. ग्रीन कार्डधारक उतरल्या दिवसापासून पात्र असतो. एच-४ (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर आलेल्या मुलांना हे दार बंद आहे, त्यामुळे त्यांचे अनुभव ऐकून घाबरू नका. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, पण पासपोर्टमधल्या व्हिसावर विमानतळावर शिक्का पडला की तेच पान वर्षभर ग्रीन कार्डाचा पुरावा असतं. त्या पानाची स्वच्छ प्रत लगेच काढून ठेवा. फॅफ्सा, म्हणजे मदतीचा एकच सरकारी अर्ज, भरताना मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि नऊ आकडी ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा नोंदणी क्रमांक, लागतो.

आपल्याकडच्यांचं सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव जसं छापून येईल तसंच स्पेलिंग आणि त्याच क्रमाने एफएसए आयडीत, म्हणजे फॅफ्सा भरण्याच्या ऑनलाइन खात्यात, घाला. मधलं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही पडताळणी अडते आणि मग कॉलेज कागद मागत बसतं. भारतात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं, म्हणून तुम्हा दोघांनाही वेगवेगळे आयडी काढून कराची माहिती तपासायला संमती द्यावी लागेल. अमेरिकेत अजून कर भरला नसला तरी ही संमती लागतेच. एकाने दिली नाही तरी केंद्राची मदत थांबते.

२०२६-२७ च्या अर्जात उत्पन्न २०२४ चं विचारतात, म्हणजे तुमचं भारतातलं. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून २०२४ चे जास्त महिने ज्यात येतात ते २०२४-२५ चं रिटर्न घ्या. आकडे हातानेच भरायचे, अर्ज भराल त्या दिवसाच्या दराने डॉलर करून. फॉर्म १६ आणि आयटीआर दोन्ही इंग्रजीत हाताशी ठेवा. 'परदेशातलं उत्पन्न दिसत नाही, सोडून दे' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते दाखवायचंच असतं, आणि लपवण्यात तुमचा फायदाही नाही. १८ लाख रुपये डॉलरमध्ये इथल्या मापाने लहान उत्पन्न ठरतं आणि पेल अनुदान, जे परत करायचं नसतं, पूर्ण मिळण्याची शक्यता वाढते. सध्या त्याची कमाल वर्षाला ७,३९५ डॉलर आहे.

मालमत्तेचा प्रश्न आला तर मात्र जपून. राहतं घर धरत नाहीत. पण पुण्याचा राहता फ्लॅट विकून आलात की ते पैसे अर्जाच्या दिवशीची बँकेतली शिल्लक म्हणून मोजले जातात. भाड्याने दिलात तर कर्ज वजा जाता किंमत धरतात. आई-वडिलांच्या बचतीतला साधारण साडेपाच टक्क्यांपर्यंतचा भाग कॉलेजसाठी उपलब्ध मानतात, मुलीच्या नावावरच्या पैशातला २० टक्के. लग्नासाठी म्हणून तिच्या नावावर टाकलेली एफडी इथे महाग पडते.

आता कर्ज. 'उरलेली फी पॅरेंट प्लसमध्ये टाक' हा नातेवाइकांचा सल्ला परवापर्यंत बरोबर होता, कारण ते कर्ज कॉलेजच्या एकूण खर्चाइतकं मिळायचं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ते एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरवर थांबवलं. आधीच कर्ज घेतलेल्यांना, त्याच अभ्यासक्रमात असतील तर, जास्तीत जास्त तीन वर्षं जुने नियम राहतात. तुम्ही त्यात बसत नाही. मुलीच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००, म्हणजे चार वर्षांत २७,०००. त्यापुढे खाजगी कर्ज, आणि तिथे नव्याने आलेल्या कुटुंबाची खरी अडचण होते. पॅरेंट प्लसला क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, नसणं चालतं, फक्त ती वाईट नको. खाजगी बँकेला मात्र चांगली हिस्टरी किंवा जामीनदार लागतो, आणि भावाला तेवढ्या रकमेला जामीन राहायला सांगणं ही साधी गोष्ट नाही. शिवाय नव्या पॅरेंट प्लसला उत्पन्नानुसार हप्त्याची सोयही नाही, ठरलेला हप्ताच भरायचा. 'नोकरी लागली की बघू' म्हणून ते घेऊ नका.

म्हणून मी पहिल्याच वर्षी मोठ्या विद्यापीठाचा हट्ट धरायला सांगणार नाही. न्यू जर्सीत राज्याच्या टॅग अनुदानासाठी सलग १२ महिने राज्यात राहिलेलं असावं लागतं. राज्यातल्यांच्या सवलतीच्या फीलाही साधारण तेवढंच. ते वर्ष मिडलसेक्ससारख्या काउंटी कॉलेजात काढा. तिथल्या फीचा मोठा भाग पेलमधून निघू शकतो. तिथली दोन वर्षांची ए.ए. किंवा ए.एस. पदवी पूर्ण केली आणि पुढे प्रवेश मिळाला, तर राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत ती पहिली दोन वर्षं म्हणून धरली जाते. पदवी अर्धवट सोडून गेलं तर एकेका विषयाचं क्रेडिट तपासलं जातं आणि काही बुडतात.

येण्याआधी बारावीची मार्कलिस्ट, बोर्डाचं सर्टिफिकेट आणि दहावीची दोन्ही प्रमाणपत्रं मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेवा. काही कॉलेजं मूल्यांकन करून आणायला सांगतात, आणि बोर्डाकडून दुसरी प्रत इथून मागवायची तर सेमिस्टर निघून जातं.