हायवेच्या कुठल्या कडेला उतरायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. कुडाळजवळ माझं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. घरच्या पडवीत सुरू केलं, आता वाडीतल्या दहा-बारा बायका कामाला येतात. हंगाम आटोपल्यावर जुलैमध्ये मंगळूरला जाऊन काजू फोडायची आणि प्रतवारीची यंत्रं बघायची आहेत. दोन्ही यंत्रवाले बैकंपाडीच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. दोन रात्रींचा मुक्काम, आणि मी एकटीच जाणार आहे. भावाने कूळूरच्या आसपासची दोन बिझनेस हॉटेलं शोधून दिली. दोन्ही अगदी हायवेला लागून, भाडंही सारखंच. एक समुद्राच्या अंगाला आहे, वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो म्हणे. दुसरं समोरच्या कडेला. मामेबहीण म्हणते, हायवेवर एकटीने राहू नकोस, गावात हंपनकट्ट्याला राहा. घरात तीन माणसांची तीन मतं झाली आहेत. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : यंत्र विकत घेण्याआधी ते चालताना स्वतः बघायला निघालात, हे फार चांगलं केलंत. माझं अर्धं आयुष्य बर्फाच्या कारखान्यांना कॉम्प्रेसरचे सुटे भाग पुरवण्यात गेलं. रत्नागिरी, मालपे, मंगळूरचा धक्का, सगळी गिऱ्हाइकं समुद्रकाठची. त्यामुळे या रस्त्यावरच्या मुक्कामांबद्दल माझी मतं पक्की आहेत, ती सांगते.

आधी मामेबहिणीच्या काळजीबद्दल. हंपनकट्टा हा गावाचा मध्य. मंगळूर सेंट्रल स्टेशन तिथून जवळ, दुकानं, खानावळी, रात्री उशिरापर्यंत माणसांची जाग. तुमचं काम गावात असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुम्हाला दोन्ही दिवस सकाळी बैकंपाडी गाठायची आहे, आणि मध्ये कोट्टारा चौकी आणि गुरुपूर नदीवरचा कूळूरचा पूल आहे. बंदराचे ट्रक, रिफायनरीचे टँकर, उडुपीच्या बस आणि ऑफिसला निघालेलं गाव, सगळं त्या पुलावरून जातं. जुलैमध्ये जोराचा पाऊस झाला की कोट्टारा चौकीला पाणी भरतं आणि मग घड्याळाला काही अर्थ उरत नाही. यंत्रवाल्याने तुमच्यासाठी कारागीर थांबवून ठेवलेला असतो, कच्ची बी आणून ठेवलेली असते. तिथे उशिरा पोहोचलात तर चाचणी घाईघाईत उरकली जाते, आणि तोटा तुमचा होतो. म्हणून हायवेवर राहा. शक्य झालं तर पुलाच्या उत्तरेला, पणंबूरच्या अंगाला. दोन्ही हॉटेलं पुलाच्या कुठल्या बाजूला आहेत ते नकाशावर आधी बघून घ्या.

आता या दोनांपैकी कुठलं? माझं उत्तर सरळ आहे. समुद्र दिसतो ते नको, समोरच्या कडेचं घ्या.

कारण सांगते. हा ६६ क्रमांकाचा महामार्ग तुमच्या ओळखीचाच. पनवेलहून निघून तुमच्या कुडाळवरून, गोव्यातून, कारवार-उडुपी करत मंगळूरला येतो आणि पुढे केरळ ओलांडून कन्याकुमारीपर्यंत जातो. मंगळुरात तो जवळजवळ उत्तर-दक्षिण धावतो, समुद्र पश्चिमेला. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे दक्षिणेकडे जाणारी मार्गिका पूर्वेच्या कडेला येते. तुम्ही संध्याकाळी बैकंपाडीहून कूळूरकडे याल तेव्हा दक्षिणेकडेच येत असाल. पूर्वेच्या कडेचं हॉटेल तुमच्या डाव्या हाताला लागेल, रिक्षा थेट दारात. पश्चिमेच्या हॉटेलसाठी पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळसा घालून परत यायचं. हा वळसा दिवसा काहीच नाही. पण जुलैच्या संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, समोरच्या गाडीचे दिवे काचेवर फुटत असताना, रिक्षावाला तो वळसा टाळायला बघतो. मग एक तर तो उलट्या दिशेने कडेकडेने नेतो, नाहीतर म्हणतो, इथेच उतरा, समोरच आहे. दोन्हीला स्पष्ट नाही म्हणा. दुभाजकाच्या फटीतून हायवे ओलांडणारी माणसं मी त्या रस्त्यावर पाहिली आहेत, आणि ओलांडता न आलेलीही. ट्रकवाल्याला पावसात तुमची छत्री दिसत नाही आणि भरलेला टँकर जागच्या जागी थांबत नाही.

सकाळी बैकंपाडीकडे जाताना पूर्वेच्या हॉटेलमधून तुम्हाला वळसा पडेलच. पडू द्या. तो उजेडात आणि ताज्या डोक्याने घ्यायचा आहे.

हाच नियम जेवणाला. हायवेवरच्या हॉटेलातून समोरची खानावळ अगदी हाकेच्या अंतरावर दिसते आणि माणूस निघतो. रात्री तिकडे जाऊ नका. ज्या कडेला उतरलात त्याच कडेचं खा, हॉटेलात खा, किंवा खोलीवर मागवा. तुम्ही एकट्या बाई आहात म्हणून हे सांगत नाही. माझ्या मुलालाही मी हेच सांगते.

खोलीबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बिझनेस हॉटेलात आपण पैसे मोजतो ते झोपेचे. लॉबीतल्या संगमरवराचा दुसऱ्या दिवशीच्या कामाला उपयोग नसतो. खोली ठरवायला ॲपवरचे फोटो पुरत नाहीत. रिसेप्शनला फोन करा, तोही दुपारी तीन-चारच्या सुमाराला, जेव्हा त्यांना बोलायला सवड असते. पहिली गोष्ट, रस्त्याकडे तोंड नसलेली खोली मागा. उंच मजल्यावर आवाज कमी येतो असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. खालच्या मजल्यांना कुंपणाच्या भिंतीचा आणि झाडांचा थोडा आडोसा असतो, वरच्या खिडक्या मात्र रस्त्याला थेट उघड्या असतात. समोर चौक किंवा गतिरोधक असेल तर आणखी वाईट. एकसुरात जाणाऱ्या गाड्यांची कानाला सवय होते, पण ब्रेक दाबून पुन्हा पहिल्या गिअरात चढणारा टँकर दर वेळी जागं करतो. एका बंदराच्या गावी मला अशीच गतिरोधकासमोरची खोली मिळाली होती. पहाटेपर्यंत टँकर मोजत बसले आणि सकाळी गिऱ्हाइकासमोर गॅस्केटची मापं दोनदा विचारावी लागली.

पण मागची खोली म्हणजे शांत खोली असंही धरू नका. मागे जनरेटर असतो, स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा असतो, धोबीखाना असतो. म्हणून विचारायचं ते असं : रस्त्याकडे नको, जनरेटरच्या वर नको, लिफ्टला लागून नको. आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही तो जरूर विचारा. त्या दोन रात्री हॉलमध्ये काही कार्यक्रम आहे का? हायवेवरच्या हॉटेलांचा मोठा धंदा लग्नं, स्वागत समारंभ आणि कंपन्यांच्या मेळाव्यांवर चालतो. आषाढात लग्नं कमी, पण वितरकांची संमेलनं पावसाळ्यातही भरतात. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर दुसरा मजला घेऊ नका.

खोलीत शिरल्यावर पिशवी ठेवायच्या आधी वास घ्या. मंगळुरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गालिचा अंथरलेल्या खोलीला या दिवसांत ओलीचा वास येतो. फरशीची खोली मागून घ्या. बाथरूममध्ये धुतलेले कपडे दोन दिवसांत वाळणार नाहीत, तेव्हा पूर्ण जोड न्या. एसी सोळावर नेऊन गारठत बसण्यापेक्षा ड्राय मोडवर पंचवीस-सव्वीसला ठेवा, हवेतलं पाणी निघतं आणि अंथरूण कोरडं लागतं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. खोलीचा नंबर काउंटरवर मोठ्याने सांगू नका, कार्डाच्या पाकिटावर लिहून द्या, असं आधीच बजावा. दाराला आतून कडी किंवा साखळी आहे ना, शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर ते कुलूपबंद आहे ना, हे बघा. नसेल तर खोली बदलून मागायला संकोच नको. चांगल्या हॉटेलात त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर तारीख आणि हॉटेलचं नाव लिहून द्या. यंत्रवाल्यांना हॉटेलचं नाव सांगायची गरज नाही. भेट त्यांच्या कारखान्यात, हिशेबाचं बोलणंही तिथेच.

रेल्वेने जाणार असाल तर सुरतकलला थांबणारी गाडी बघा. बैकंपाडी त्या स्टेशनापासून जवळ, आणि गावातली गर्दी टळते. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात सावकाश चालतात, म्हणून पहिल्या दिवशीची पहिली भेट दुपारनंतरची ठेवा. बिझनेस हॉटेलात खोली बारा किंवा दोन वाजता मिळते. दक्षिणेतल्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, तो इथे चालेल असं गृहीत धरू नका. लवकर खोली हवी असेल तर तसं आधी कळवून लेखी होकार घ्या. नाहीतर निदान सामान ठेवून हातपाय धुवायची सोय मागा.

नाश्त्याच्या वेळेचंही विचारून ठेवा. बुफे सातला उघडणार आणि तुम्हाला साडेसहाला निघायचं असेल तर बांधून देतात, पण आदल्या रात्री सांगावं लागतं. माझं मत विचाराल तर बुफेतली इडली एक दिवस पुरे. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या साध्या हॉटेलात बन्स आणि गोळीबजे खा. पिकल्या केळ्याचे ते फुगलेले बन्स आणि नारळाची चटणी यांवर दुपारपर्यंत भूक लागत नाही. मासळीची मोठी आशा धरू नका. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येणारा अंजल, म्हणजे आपली सुरमई, बहुधा बर्फातला असतो. ज्या बर्फावर माझं घर चाललं त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण त्या दोन महिन्यांत मी तिथे नीर डोसा आणि कोंबडीचा रस्साच खाते.

एक संध्याकाळ मोकळी मिळाली आणि पाऊस उघडला तर गावात जरूर जा. कंडक्टर ‘स्टेट बँक, स्टेट बँक’ ओरडतो त्या शहर बसमध्ये बसलात की हंपनकट्ट्याजवळ उतराल. तुमची मालवणी तिथल्या कोंकणी बोलणाऱ्या दुकानदारांना बरीचशी कळते, हिंदीही चालते. मात्र परतीला बस नको, रिक्षा करा आणि रिक्षावाल्याला निघतानाच सांगा की हॉटेलच्या दारात सोडायचं आहे. गावाकडून येताना तुम्ही उत्तरेकडे जात असाल, तेव्हा पूर्वेच्या हॉटेलसाठी वळसा पडेल. तेवढे जास्तीचे पैसे आनंदाने द्या.

प्रश्न : आमची फर्म कोल्हापूरला नोंदलेली आहे. कामासाठी मंगळूर, कोची असे मुक्काम होतात. हॉटेलच्या बिलावर आमचा जीएसटी क्रमांक घातला तर कराची वजावट मिळते का? आमच्याकडे दोघे दोन गोष्टी सांगतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या राज्यातल्या मुक्कामावर मिळत नाही. हॉटेलच्या खोलीसाठी पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे उभी आहे ते राज्य. मंगळूरचं हॉटेल तुमच्याकडून केंद्राचा आणि कर्नाटकाचा जीएसटी घेतं, आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या फर्मला त्याची वजावट घेता येत नाही. कोचीला तेच, केरळच्या नावाने. पुण्या-मुंबईच्या मुक्कामाचा मामला वेगळा, तो तुमच्या सीएला विचारा. दर ठरवताना हा कर खर्चातच धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीला १८ टक्के लागतात. ७,४०० आणि ७,६०० च्या खोल्यांत फरक दोनशेचा दिसतो, हातात बिल येतं तेव्हा तो जवळपास बाराशेचा झालेला असतो.

बिल तरीही फर्मच्या नावानेच घ्या, आयकरात धंद्याचा खर्च दाखवायला ते लागतं. आणि रोख देऊ नका. एकाच दिवशी एकाच ठिकाणी दहा हजारांहून जास्त रोख दिलेत तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. तीन माणसांच्या दोन खोल्या, जेवण, गाडी मिळून ही रक्कम सहज ओलांडली जाते. फर्मच्या खात्यावरून यूपीआय किंवा कार्डाने भरा आणि बिलावर फर्मचं नाव बरोबर लिहिलं आहे का ते काउंटर सोडायच्या आधी वाचा. नंतर फोनवर बिल दुरुस्त करून मागवायला फार त्रास होतो.