वाचकांचे प्रश्न : सिडनीतले कोळी आणि दाराबाहेरच्या चपला

प्रश्न : माझी मुलगी सिडनीच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांकरिता तिकडे जाणार आहे. घरामागे बाग आहे आणि बागेच्या कुंपणापलीकडे लगेच रान सुरू होते. परवा फोनवर ती म्हणाली, “आई, इथे बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विषारी कोळी असतात.” तेव्हापासून मनाला घोर लागला आहे. आपल्याकडे जळमटे काढताना कोळी दिसला तर आपण झाडूने बाजूला करतो. तिथे काय करावे? बाळाच्या खोलीची काळजी कशी घ्यावी? आणि चावलाच तर आधी काय करायचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली मुलगी सांगते ते खरे आहे. आपण जात आहात तो हंगामही नेमका तोच आहे. मात्र तिथल्या घरांत दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांपासून जिवाला धोका नसतो. आपल्याला नीट ओळखायचे आहेत ते दोनच, फनेल-वेब आणि रेडबॅक. हे दोन्ही वेगळे ओळखता येणे महत्त्वाचे आहे, कारण एकाच्या दंशावर जो उपाय प्राण वाचवतो तोच दुसऱ्याच्या दंशावर केल्यास वेदना वाढतात.

फनेल-वेब हा काळा किंवा गडद तपकिरी, तुकतुकीत अंगाचा आणि दणकट कोळी आहे. ओलसर, सावलीच्या जागी, दगडाखाली किंवा कुजक्या ओंडक्याच्या आडोशाला तो रेशमी अस्तराचे बीळ करतो आणि बिळाच्या तोंडाशी चहूकडे धागे पसरून ठेवतो. मादी सहसा बीळ सोडत नाही. नर मात्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, विशेषतः पावसानंतरच्या रात्री, मादीच्या शोधात भटकतात, आणि त्यांचे विष मादीपेक्षा कितीतरी जहाल असते. उजाडताना या नरांना लपायला गार, दमट कोपरा लागतो. दाराबाहेर काढलेला बूट, जमिनीवर पडलेला टॉवेल, गॅरेजमधली खोकी अशा जागा त्यांना सोयीच्या पडतात.

म्हणूनच चपला दाराबाहेर काढण्याची आपली सवय तिथे थोडी बदलावी लागेल. पादत्राणे घरात उंच मांडणीवर ठेवावीत. बाहेर राहिलीच असतील तर टाचेकडून धरून, तोंड खाली करून, फरशीवर दोन-तीनदा जोराने आपटावीत आणि उजेडात आत पाहून मगच पाय घालावा; आत काही आहे का हे बोटांनी चाचपून कधीही पाहू नये. फुले तोडायला किंवा झाडांना पाणी घालायला जाताना अनवाणी जाऊ नये, आणि मातीत हात घालायचा असेल तर जाड हातमोजे घालावेत. पोहण्याच्या तलावात बुडालेला फनेल-वेब मेलेला दिसला तरी तो तासन्‌तास जिवंत राहू शकतो, हेही लक्षात असू द्या.

बाळाच्या खोलीविषयी आपल्या मनाला थोडा दिलासा मिळेल अशी एक गोष्ट आहे. फनेल-वेबला गुळगुळीत पृष्ठभागावर चढता येत नाही. पाळण्याचे पाय गुळगुळीत असावेत, पाळणा भिंतीपासून थोडा दूर असावा, चादर किंवा पांघरूण जमिनीला टेकू देऊ नये आणि दाराखालची फट पट्टी लावून बंद करावी. दुपटी, लंगोट, झबली जमिनीवर पडू देऊ नयेत. पडलीच तर झटकून, उलटून पाहून मग बाळाजवळ न्यावीत. घरभर औषध फवारण्याच्या बाजूने मी नाही. भटकत आलेल्या नरावर त्याचा भरवसा धरता येत नाही आणि नवजात बाळाच्या घरात त्या औषधाचा त्रास मात्र नक्की होऊ शकतो.

आता दंशाविषयी. मोठा काळा कोळी चावला तर तो फनेल-वेबच आहे असे धरून चालावे. ओठांभोवती मुंग्या, जीभ फडफडणे, दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे, स्नायू उडणे, धाप लागणे ही लक्षणे बहुधा अर्ध्या तासाच्या आत दिसू लागतात, पण त्यांची वाट पाहत बसू नये. लगेच 000 या तिथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा किंवा दुसऱ्या कोणाला करायला सांगावा. माणसाला जागच्या जागी बसवावे, अजिबात चालू देऊ नये. हातापायावर दंश असेल तर रुंद क्रेप बँडेज आधी दंशाच्या जागेवर घट्ट बांधावे, मग बोटांपासून सुरुवात करून वरपर्यंत अख्खा हात किंवा पाय गुंडाळावा. मुरगळलेल्या पायाला बांधतो तितका ताण पुरेसा आहे. मग काठी किंवा पट्टी बांधून तो अवयव हलणार नाही असे करावे. हे बँडेज रुग्णालयात डॉक्टरच सोडतील, आपण सोडायचे नाही. दंशाच्या जागी चीर देणे, विष तोंडाने ओढणे, दोरीने करकचून आवळणे, हळद-चुन्याचा लेप लावणे यांतले काहीही करू नये.

या कोळ्यावरचे प्रतिविष 1981 पासून उपलब्ध आहे. मेलबर्नचे डॉ. स्ट्रुआन सदरलँड यांनी ते तयार केले. त्याआधी या दंशाने 13 मृत्यू झाल्याची नोंद आहे; प्रतिविष आल्यापासून एकाचीही नाही. वेळेत बांधलेले बँडेज आणि वेळेत दिलेले प्रतिविष यांवर सगळे अवलंबून आहे. म्हणून गेल्या गेल्या मुलीकडून दोन-तीन रुंद बँडेजे मागवून घ्या आणि जावयांच्या पायावर एकदा बांधून पाहा. ऐन वेळी हात थरथरत असतात. एकदा केलेले काम अशा वेळी हात विसरत नाहीत.

रेडबॅकचे वेगळे आहे. त्याची मादी वाटाण्याएवढी, काळी, पाठीवर लाल पट्टा असलेली असते. तिचे जाळे विस्कटलेले असते आणि त्याचे चिकट धागे जमिनीपर्यंत ताणलेले असतात. तुळशीच्या कुंडीच्या काठाखाली, बागेतल्या खुर्चीखाली, पत्रपेटीत, अंगणात पडून राहिलेल्या खेळण्यात ती सापडते. कुंडी उचलण्यापूर्वी काठाखाली नजर टाका. ही चावली तर बँडेज बांधायचे नाही. विष सावकाश भिनते आणि दाबाने दुखणे वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि 13 11 26 या विषविषयक माहितीच्या क्रमांकावर सल्ला घ्यावा. दुखणे पसरू लागले, घाम सुटला, किंवा दंश लहान मुलाला अथवा वयस्कर माणसाला झाला असेल तर रुग्णालयात जावे. जिवावर बेतण्याचे प्रसंग फार दुर्मीळ आहेत.

भिंतीवर तळहाताएवढा, लांब पायांचा, चपटा कोळी दिसला तर तो बहुधा हंट्समन असेल. दिसायला सर्वांत भीतिदायक हाच, पण त्याच्यापासून मोठा धोका नाही.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरात तळहाताएवढा तपकिरी कोळी येतो. सध्या त्याच्या पोटाखाली पांढरी गोल चकती दिसते. सासूबाई म्हणतात, अंगावरून गेला तर फोड येतात. मारावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मारू नये. हा आपल्याकडचा हंट्समन आहे. तो जाळे विणत नाही, झुरळे खातो. सध्या दिसते ती मादी आहे; चकती म्हणजे तिची अंड्यांची पिशवी. अशा वेळी डिवचल्यास ती चावू शकते, म्हणून रुंद डबा वरून ठेवून खाली पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर सोडून द्यावी.

सासूबाईंनी फोड पाहिले असतील यात शंका नाही, पण पावसाळ्यात मानेवर, हातावर रातोरात उठणारे असे फोड बहुतेकदा एका बारीक नारिंगी-काळ्या किड्यामुळे येतात. तो दिव्याकडे येतो आणि झोपेत अंगावर चिरडला की त्याच्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. असा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा, चिरडू नये. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. फोड कमरेभोवती किंवा छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठले असतील तर ती नागीण असू शकते. त्यासाठी पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे.