‘कुड’ म्हणजे ‘शकलो’ नव्हे

इंदूरहून एका पालकांनी विचारलंय: मुलीनं इंग्रजी निबंधात मुंबईची अवंतिका एक्सप्रेस शेवटी कशी मिळाली ते सांगताना ‘वी कुड कॅच द अवंतिका’ असं लिहिलं आणि बाईंनी ‘कुड’खाली लाल रेघ ओढली. ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ असं पुस्तकातच आहे, मग चुकलं कुठे? शिवाय परवानगी मागताना ‘मे आय’ म्हणावं की ‘कॅन आय’?

बाईंचं बरोबर आहे. होकारार्थी वाक्यात भूतकाळातला ‘कुड’ अंगात असलेली क्षमता सांगतो, एकदाच घडून गेलेली गोष्ट सांगत नाही. ‘आजीला मोडी वाचता यायची’ याचं ‘शी कुड रीड मोडी’ चोख होतं, कारण ती कला तिच्याजवळ कायम होती. पण पाऊस होता, राजवाड्यापाशी अडकलो, तरी मुंबईची गाडी मिळाली, हे त्या एका संध्याकाळी जमलं. तिथे ‘वी वेअर एबल टू कॅच’ किंवा ‘वी मॅनेज्ड टू कॅच’ हवं. धडपड सांगायची नसेल तर नुसतं ‘वी कॉट’ सगळ्यांत सुटसुटीत. मुलीचं वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला ‘आपण अवंतिका पकडू शकतो की’ असं सुचवल्यासारखं वाटेल. गाडी खरंच मिळाली, हे त्यातून कळणारच नाही.

नकारात मात्र ही अडचण नाही. गाडी चुकली तर ‘वी कुडंट कॅच इट’ अगदी ठीक, एकाच प्रसंगासाठीसुद्धा. दिसणं, ऐकू येणं, वास येणं, आठवणं यांनाही सूट आहे: ‘वी कुड हिअर द व्हिसल’ बरोबर.

घोटाळ्याचं मूळ असं, की मराठी ही कामं वेगवेगळ्या रचनांवर सोपवते. ‘मला पोहता येतं’ ही शिकलेली विद्या. ‘आज पोहू शकत नाही, खांदा दुखतोय’ ही त्या दिवसाची परिस्थिती. इंग्रजीत दोन्हीकडे ‘कॅन’च. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘कॅन’चा अर्थ ‘जाणणं’ असा होता, म्हणजे तो आपल्या ‘येतं’चा जवळचा. आपलं ‘शकणं’ ‘शक्ती’च्या घरातलं, त्याच्याशी जुळणारा मूळ अर्थ ‘मे’चा होता, आणि बळ या अर्थाचा ‘माइट’ त्याच कुळातला. ‘कुड’मधला न उच्चारला जाणारा ‘एल’ तर मूळचा नाहीच. ‘वुड’ आणि ‘शुड’च्या देखादेखी तो नंतर चिकटला.

परवानगीचं बघू. इंदुरात दिवसभर ‘आ सकता हूँ क्या’ कानावर पडतं, त्यामुळे ‘कॅन आय’ सहज तोंडात येतं. त्यात चूक नाही. घरी, मित्रांत, दुकानात ‘कॅन आय’, अनोळखी माणसाशी ‘कुड आय’, मुलाखतीत किंवा वर्गात ‘मे आय’. ‘कॅन’नं परवानगी मागणं अशुद्ध, हा जुन्या शिक्षकांचा दंडक आजच्या इंग्रजीत उरलेला नाही.

खरी फसगत ‘खिडकी उघडू का?’ या वाक्यात आहे. तुम्हाला उकडतंय म्हणून मी विचारत असेन तर ‘शॅल आय ओपन’. मला उकडतंय आणि तुमची हरकत नाही ना, हे विचारत असेन तर ‘कॅन आय ओपन’. मराठी वाक्य एकच, म्हणून आधी कुणासाठी विचारतोय ते ठरवायचं आणि मग शब्द निवडायचा.

‘कुड आय लीव्ह अर्ली?’ याला ‘येस, यू कुड’ असं उत्तर देऊ नये. ‘कुड’नं परवानगी मागता येते, देता येत नाही, देताना ‘यू कॅन’ किंवा ‘यू मे’. आणि काल एखाद्या वेळी परवानगी मिळाली हे सांगायचं तर पुन्हा ‘कुड’ नको: ‘आय वॉज अलाउड टू लीव्ह’.

विनंतीसाठी ‘कॅन यू’, ‘विल यू’. थोडं मऊ करायचं तर ‘कुड यू’, ‘वुड यू’. अर्जांत आणि मेलमध्ये ‘मे यू सेंड’ दिसतं, ते काढून टाकावं. ‘मे यू’नं आशीर्वाद दिला जातो, काम सांगितलं जात नाही. ‘कॅन एबल टू’ तसंच चूक, एकच अर्थ दोनदा. ‘विल कॅन’ही होत नाही, तिथे ‘विल बी एबल टू’.

राहिलं ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ यात क्रियापदाला ‘आयएनजी’ लागतो, ‘टू ओपन’ नाही. प्रश्नाचा अर्थ ‘उघडायला तुमची काही हरकत?’ असा असल्यामुळे तयार असलात तर ‘नॉट अॅट ऑल’ म्हणायचं. आपल्याकडे चांगुलपणानं ‘येस’ म्हटलं जातं आणि शब्दशः त्याचा अर्थ ‘हो, हरकत आहे’ असा होतो. गोंधळ टाळायचा तर ‘शुअर’ म्हणून सरळ खिडकी उघडावी.