लिनक्सवर नेट चालत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

या वेळी बहुतेक प्रश्न नेटचेच आलेत आणि जवळपास प्रत्येकाने शेवटी विचारलंय की परत इन्स्टॉल करू का. नका करू. आधी गाडी कुठे अडलीये ते बघा, कार्डच दिसत नाहीये, की कार्ड बंद आहे, की जोडलंय पण पुढे जात नाही.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, वायफायचा ऑप्शनच येत नाही. नेट नाही तर ड्रायव्हर तरी कसा उतरवू?

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एलएसपीसीआय (lspci) ही कमांड द्या आणि नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा. तिथे ब्रॉडकॉम दिसलं तर कारण बहुतेक हेच, त्यांच्या बऱ्याच जुन्या चिपांचा ड्रायव्हर मुक्त परवान्यात येत नाही त्यामुळे तो आपोआप बसत नाही, मेनूतल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून बसवावा लागतो. त्यापुरतं नेट हवं असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये हॉटस्पॉट नाही, यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला ते वायरचं कनेक्शन वाटतं आणि लगेच चालतं. सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिला घाबरून बरेच जण पुढे जातात आणि मग ड्रायव्हर लोडच होत नाही. तिथे एनरोल एमओके निवडा आणि तोच पासवर्ड द्या.

प्रश्न : विंडोजमध्ये वायफाय मस्त चालतं, उबुंटूत मात्र बंदच राहतं.

आरएफकिल लिस्ट (rfkill list) कमांड द्या. सॉफ्ट ब्लॉक्ड समोर येस असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय (sudo rfkill unblock wifi) द्या, काम झालं. हार्ड ब्लॉक्ड असेल तर कमांडने सहसा सुटत नाही, लॅपटॉपच्या कडेचा स्विच किंवा एफएन सोबतचं वायफायचं बटण बघा. दोन्हीकडे नो असेल तर संशय विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर घ्या, त्यात शटडाउन पूर्ण होतच नाही आणि कधीकधी कार्ड अर्धवट अवस्थेत राहतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करून टाका, ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) असेल तर ते तसंही बंदच बरं.

प्रश्न : हॉस्टेलवर कनेक्टेड दाखवतं पण एकही साइट उघडत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच लोक अंदाजाने दहा सेटिंगं बदलतात आणि मग मूळ काय होतं तेही कळत नाही. क्रमाने जा. आयपी राउट (ip route) कमांड द्या, डिफॉल्ट व्हाया पुढे जो आकडा येतो तो तुमचा राउटर, त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो आकडा द्या आणि उत्तर येतं का बघा. मग 8.8.8.8 ला (गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) पिंग करा, मग एखाद्या साइटच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर बिघाड बहुतेक तुमच्या आणि राउटरच्या मधे आहे. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा, अडकलंय, कनेक्शनच्या आयपीव्ही4 टॅबमध्ये ऑटोमॅटिक डीएनएस बंद करून 1.1.1.1 टाकून बघा. पण थांबा, हॉस्टेलला लॉगिन पेज असतं आणि स्वतःचं डीएनएस टाकलं की तेच पेज येत नाही असं होतं, म्हणून आधी ऑटोमॅटिक ठेवून लॉगिन करून घ्या. आणि पिंग सगळं ठीक असून ब्राउजर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत असेल तर लॅपटॉपची तारीख बघा, आतला सेल संपला की ती मागे जाते आणि सर्टिफिकेटं नापास होतात.

प्रश्न : प्लॅन 200 एमबीपीएसचा, वायफायवर पूर्ण मिळतो, वायर लावली की 95 च्या वर जात नाही.

ईथटूल (ethtool) आणि पुढे वायरच्या इंटरफेसचं, म्हणजे वायरच्या नेटवर्क कार्डाचं, नाव द्या. स्पीड 100 आलं तर लिनक्सवर राग काढू नका, केबल बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात, त्यामुळे उरलेल्या चारातली एक तार तुटली किंवा क्रिम करणाऱ्याने (केबलला टोकाचा प्लग लावणाऱ्याने) चारच तारा बसवल्या तरी नेट चालू राहतं, फक्त हळू. केबल बदलूनही तेच असेल तर त्याच आउटपुटमध्ये सपोर्टेड लिंक मोड्स वाचा, काही लॅपटॉपचं पोर्टच 100 चं असतं. ते ठीक असेल तर राउटरचं पोर्ट 100 चं निघेल.

प्रश्न : वायफाय मधेमधे तुटतं, परत जोडलं की चालतं.

पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. उबुंटूत ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी मध्ये (/etc/NetworkManager/conf.d) नावात पॉवरसेव्ह असलेली फाइल असते, त्यात 3 च्या जागी 2 करा आणि रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी जास्त जाईल.