‘सगळं वरूनच ठरलेलं असतं’ म्हणणाऱ्या दिरांशी काय बोलू?

प्रश्न : माझे थोरले दीर द्राक्षबागायतदार आहेत, साठी ओलांडलेले. बागेचा हिशोब, औषधांचं प्रमाण, सगळं तोंडपाठ. पण २०२४ च्या विधानसभा निकालापासून त्यांचं एकच पालुपद आहे, ‘मशीन सेट होतं, सगळं वरूनच ठरलेलं. आता मी मताला जायचा नाही.’ कुणी उलट बोललं की चिडतात, मुलं मागून हसतात. एवढ्या शहाण्या माणसाला असं का वाटावं? आणि त्यांच्याशी बोलायचं कसं?
— एक वाचक, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : ताई, मुलांचं हसणं आधी थांबवा. हसलं की माणूस आपल्या मताला आणखी घट्ट धरतो, आणि मग त्याचं ऐकून घेणारे फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर उरतात.

मी सांगलीत नागरिकशास्त्र शिकवलं आणि नोकरीभर निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, केंद्राध्यक्ष म्हणूनही. त्या अनुभवावरून सांगते, असा संशय अडाणीपणातून येत नाही. तुमच्याच पट्ट्यातलं बघा. व्यापारी बागेत येतो, गोड बोलतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख देतो आणि शेवटच्या गाड्या भरून नेल्यावर फोन बंद करतो. वर्षाची कमाई अशी बुडालेल्या माणसाला ‘दिसतं तसं नसतं’ हे शिकवायला कुणी लागत नाही. त्यात २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. ज्या चिन्हाला मत दिलं त्याच्यावर निवडून आलेला माणूस रातोरात दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. आपल्याला न विचारता वर काहीतरी ठरतं, हे मतदारानं उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. तिथून ‘मग मशीनही त्यांचंच’ या वाक्यापर्यंत फार चालावं लागत नाही.

त्यावर निकालाचा धक्का. जून २०२४ मध्ये लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, आणि नोव्हेंबरात विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० च्या वर. पाच-साडेपाच महिन्यांत एवढी उलथापालथ झाली की मन तेवढंच मोठं कारण शोधतं. लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार, जागावाटपातली भांडणं, बंडखोर, प्रत्येक मतदारसंघाचं वेगळं गणित, अशी दहा कारणं एकत्र आली तरी ती पटत नाहीत, एक कारस्थान चटकन पटतं. आणि हा संशय बहुतेक वेळा हरलेल्याच्या घरी मुक्कामाला असतो. २००९ साली भाजप हरला तेव्हा त्यांच्याच नेत्यांनी मशीनवर बोट ठेवलं होतं. जून २०२४ मध्ये त्यांच्या मनासारखा निकाल आला तेव्हा मशीनबद्दल ते स्वतः काय म्हणत होते, हे दिरांना शांतपणे विचारा. टोमणा म्हणून नको, खरंच विचारा.

राहिला व्हॉट्सअ‍ॅप. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोग करून दाखवलं होतं. तेव्हा तर मोबाइलही नव्हते.

विधानसभेच्या मतदानाच्या संध्याकाळी पाचच्या आकड्याबद्दल दीर नक्की बोलत असतील. पाचला ५८.२२ टक्के आणि शेवटी ६६ च्या वर, मधली मतं आली कुठून? पाचचा आकडा केंद्राकेंद्रावरून घाईघाईनं कळवलेला, अंदाजाचा असतो. सहाला फाटक बंद होतं तेव्हा जेवढे लोक रांगेत उभे असतात त्यांना आम्ही सहीच्या चिठ्ठ्या देतो, रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. ती रांग संपेपर्यंत मतदान चालतं. हे खरं असलं तरी मला निवडणूक आयोगाचाही राग येतो. प्रत्येक केंद्राचा नमुना १७-सी, ज्यात त्या मशीनमध्ये एकूण किती मतं पडली हे लिहिलेलं असतं, तो लगेच सगळ्यांना बघता येईल असा ठेवला असता तर निम्मा संशय तिथंच विझला असता. लोकांना अंधारात ठेवायचं आणि वर त्यांना संशयी म्हणायचं, हे मला मान्य नाही.

कट कधी नसतातच, असं मात्र त्यांना सांगू नका, ते खोटं होईल. ३० जानेवारी २०२४ ला चंदीगडच्या महापौर निवडणुकीत मतमोजणी करणारा अधिकारीच आठ मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात सापडला. सर्वोच्च न्यायालयानं तीन आठवड्यांत निकाल फिरवला. मतपत्रिका कागदी होत्या, हेही लक्षात घ्या. आपल्या शेजारी साताऱ्यात लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचा उमेदवार बत्तीस हजारांच्या फरकानं पडला आणि पिपाणीच्या चिन्हावरच्या अपक्षाला सदतीस हजार मतं मिळाली. लोकांचा गोंधळ झाला ही तक्रार रास्त होती. या दोन्ही ठिकाणी माणूस, जागा, कागद, आकडा दाखवता येतो. दिरांना एवढंच विचारा, काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल? ‘काहीही दाखवा, तेही मॅनेजच असणार’ असं उत्तर आलं तर त्या दिवशी वाद घालू नका. चहा घ्या, बागेचं बोला.

पुढच्या विधानसभेला ते ज्या पक्षाला मानतात त्याच्या उमेदवाराकडून नमुना १०, म्हणजे प्रतिनिधी नेमल्याचा कागद, भरून घ्या आणि त्यांना मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसवा. सातला मतदान असेल तर साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, सुरू होतो. किमान पन्नास मतं टाकून व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ती जुळवायची, मग मशीन कोरं करून सील करायचं. कितीतरी प्रतिनिधी त्या वेळेला येतच नाहीत. आम्ही पंधरा मिनिटं वाट बघतो आणि सुरू करतो. आलेल्यांपैकीही कुणी डोळे चोळत न बघताच सही करतं, आणि संध्याकाळी १७-सीची प्रत टेबलावर तशीच राहते. नंतर चौकात ‘सेट होतं’ म्हणणाऱ्यांत हेच पुढे असतात, याचं मला फार वाईट वाटतं. दिरांनी चिठ्ठ्या स्वतः मोजाव्यात, मशीनच्या युनिटचे नंबर वहीत उतरवून घ्यावेत, १७-सी हातात आल्याशिवाय उठू नये. मतमोजणीच्या दिवशी त्या केंद्राचा आकडा पडताळावा. जुळला नाही तर तक्रारीला हातात सहीचा कागद असेल, आणि ती तक्रार घेऊन तहसील कचेरीत मी त्यांच्याबरोबर येईन.