आजी प्रवचन मध्येच का थांबवते?

मस्कत

प्रिय लेकी,

तू विचारलंस, की तुझ्या फोनवर प्रवचन चालू असताना आजी ते थांबवून बायबल का उघडते? आणि आपण ख्रिस्ती असून घरात टाळ, अभंग, कीर्तन कशाला? वास्कोत तुझ्या मैत्रिणींच्या घरी संध्याकाळी कोंकणीतून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, तेव्हा मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारी आजी तुला वेगळी वाटणारच.

मला विचारशील तर दोन्हींचं उत्तर एकच. मराठी माणसाची भक्ती कानापासून सुरू होते. नवविधा भक्तीतसुद्धा श्रवण पहिलं. पुराण सांगणारा बसायचा, भोवती माणसं बसायची, अडलं की विचारायची. आपले पूर्वज ख्रिस्ती झाले, पण ही सवय त्यांनी टाकली नाही.

याचा मोठा पुरावा तुझ्या गोव्यातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. १०,००० हून जास्त ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. त्याच्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, आता त्यांच्या जागी आम्हांला काय? किती खरा प्रश्न आहे हा! माणसाला ऐकायला काहीतरी लागतंच. चांगलं मिळालं नाही तर जे समोर येईल ते तो ऐकतो. स्टीफन्सने हे ओळखलं आणि एवढं मोठं पुराण रचलं.

तुझ्या फोनवर तर न मागताही एकामागून एक वक्ते येत राहतात. परवाचा तो आठव. पैसे पाठवा, आजार जाईल, विश्वास असेल तर औषध सोडा, असं सांगत होता. आवाज गोड, मागे सुंदर संगीत. आजीने तिथे थांबवलं ते अगदी योग्य केलं. येशूने शिष्यांना रोग्यांना बरं करायला पाठवलं तेव्हा बजावलं होतं, की तुम्हांला फुकट मिळालं आहे, फुकट द्या. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे, वाचून बघ. असल्या बोलण्याने विश्वास वाढत नाही, भीती वाढते. आणि घरातली गोळ्या घेणारी माणसं जिवाला मुकू शकतात, म्हणून मी इतक्या कळकळीने लिहितोय.

काय ऐकता ते सांभाळा, असं येशू मार्काच्या चौथ्या अध्यायात सांगतो. बिरुया नावाच्या गावच्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं उत्सुकतेने ऐकलं आणि ते खरं आहे का हे रोज शास्त्रात शोधलं. त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे. मग फोनवरच्या वक्त्याला पडताळून पाहिलं तर त्यात अनादर कसला?

तुझी सगळी प्रवचनं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. क्षमेवरचं ते इंग्रजी प्रवचन मलाही आवडलं. ते आजीला मराठीत समजावून सांग. ती प्रश्न विचारील, चिडू नकोस. शुक्रवारी मला सुट्टी आहे. फोन कर, बिरुयाची ती गोष्ट असलेला प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय आपण तिघं मिळून वाचू.

तुझा,
पप्पा