पाकीट तेच, किंमत तीच. महागाई लपते कुठे?

प्रश्न: धुण्याच्या पावडरीच्या पाकिटाची किंमत बदललेली नाही, पण वजन २०० ग्रॅमवरून १७० ग्रॅमवर आलं. म्हणजे पावडर १५ टक्के महागली असं धरायचं का?

उत्तर: १५ नव्हे, १७.६ टक्के. वजन १५ टक्क्यांनी घटलं, पण भाववाढ मोजायची ती दर ग्रॅममागे. २०० भागिले १७० म्हणजे १.१७६. उत्पादक हा मार्ग धरतात, कारण किंमत ग्राहकाला पाठ असते आणि वजन नसतं. वजन पाकिटावर छापलेलं असलं, तरी ते घटल्याचं कोणी ठळकपणे सांगत नाही. हे आम्हाला गैर वाटतं.

पुढे कधी त्याच पाकिटावर '२० टक्के जादा मोफत' असं झळकलं, तर हिशेब करून पाहा. १७० वर २० टक्के म्हणजे २०४ ग्रॅम. जवळपास जुनंच पाकीट परत मिळालं! शिवाय २० टक्के जादा म्हणजे २० टक्के सूट नव्हे, ती भरते १६.७ टक्के. ५० टक्के जादा असेल तर ३३.३ टक्के, आणि 'दोनांवर एक मोफत' यातही तितकीच.

दुकानात मोबाइलवर एवढंच करा: किंमत भागिले निव्वळ वजन, गुणिले १००. हा झाला १०० ग्रॅमचा भाव. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं गृहीत धरू नका, दोन्हींचा भाव काढा. किलो आणि लिटर यांची थेट तुलनाही करू नका. वनस्पती तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे एक लिटर तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅमच भरतं.

पावडरीच्या बाबतीत मात्र ग्रॅमचा भावही फसवू शकतो. एका पावडरीला दर धुण्याला ५० ग्रॅम लागते, तर किलोभरात २० धुणी होतात. दुसरी ४० टक्के महाग आहे पण ३० ग्रॅम पुरते, तर ३३ धुणी होतात. दर धुण्यामागे ही 'महाग' पावडर सुमारे १५ टक्के स्वस्त पडते. मात्र मापाच्या टोपीतली रेघ पाहूनच पावडर घ्या. टोपी काठोकाठ भरली, की सगळी बचत पाण्यात.

प्रश्न: कच्चा माल महागला की किंमत लगेच वाढते, मग तो स्वस्त झाल्यावर उतरत का नाही?

उत्तर: आधी कच्च्या मालाचा वाटा पाहा. किमतीत तो २५ टक्के असेल आणि २० टक्क्यांनी महागला, तर वस्तू ५ टक्केच महागायला हवी. प्रत्यक्षात त्याहून जास्त वाढते, याचं एक कारण टक्क्यांतला नफा. वितरक १० आणि दुकानदार २० टक्के चढवत असेल, तर कारखान्याने वाढवलेले १० ग्राहकापर्यंत १३.२० होतात. खर्च एकाचाच वाढला, नफा मात्र वितरक आणि दुकानदार या दोघांच्या हिशेबात फुगला.

उतरताना गती मंदावते. पगार आणि भाडं एकदा वाढलं की सहसा खाली येत नाही, आणि गोदामातला माल जुन्या चढ्या भावाने घेतलेला असतो. त्यातच भाव उतरू लागले की ग्राहक चार दुकानं हिंडणं सोडतो, त्यामुळे दुकानदारावरचा दाब ओसरतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बेकन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या किमती तपासल्या आणि या प्रकाराला 'रॉकेट आणि पिसं' म्हटलं: चढताना रॉकेट, उतरताना पीस. तेव्हा भाव उतरत असतानाच चौकशी करा, फायदा तेव्हाच पदरात पडतो.

प्रश्न: महागाईचा दर उतरला असं सांगतात, पण खर्च कमी का होत नाही?

उत्तर: दर उतरला म्हणजे वाढीचा वेग कमी झाला. १०० चे पहिल्या वर्षी ८ टक्क्यांनी १०८ झाले आणि पुढच्या वर्षी दर ३ टक्क्यांवर आला, तरी १११.२ होतातच. शिवाय तो दर सरासरी घरखर्चावरून काढलेला असतो. तुमचा ४० टक्के खर्च भाड्यावर जात असेल आणि भाडं १० टक्क्यांनी वाढलं, तर बाकी सगळं जैसे थे राहूनही तुमचा खर्च ४ टक्क्यांनी वाढतो.